साथीचे रोग आणि नवा उदमी

साथीच्या रोगाचा इतिहास म्हणजे मृतांची गणना, अशी समजूत आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. किती माणसे गेली, कोणत्या महिन्यात गेली, सरकारने काय केले आणि काय करावयाचे राहून गेले, एवढे लिहून झाले की इतिहासकार बहुधा लेखणी खाली ठेवतो. त्याचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. मृत्यूपुढे दुसरी कोणतीही हकीकत क्षुल्लक वाटते. परंतु साथ ओसरल्यावर जे मागे राहतात त्यांच्या घरी आणखी एक मोजदाद चालू असते. नुकताच काढलेला धंदा, त्याकरिता घेतलेले कर्ज, गिऱ्हाइकांकडे अडकलेली उधारी आणि सावकाराने किंवा बँकेने पुढे ठेवलेली वही यांची ती मोजदाद होय. तिला वाली नसतो. तिचे आकडे कोणत्याही आरोग्यखात्याच्या अहवालात सापडावयाचे नाहीत. ज्याने कालपरवा दुकान मांडले त्या तरुणाचे साथीच्या वर्षी काय होते, हा प्रश्न आम्ही प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्याकरिता मुंबई-पुण्याच्या वाटेने न जाता वैनगंगेच्या खोऱ्यातील एका आडबाजूच्या गावाकडे वाचकांस नेण्याचा आमचा विचार आहे.

चोरखमारा हे ते गाव. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या अरण्याच्या कडेस ते वसले आहे. नावाच्या व्युत्पत्तीच्या भरीस आम्ही पडत नाही. असल्या नावांवर तर्क लढविणारांची संख्या आधीच पुरेशी आहे. गावाची खरी ओळख दोन गोष्टींनी होते. एक तेथील तलाव, आणि दुसरी अभयारण्यात शिरण्याचा तेथील दरवाजा. तलावांचे या भागास अप्रूप नाही. कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव भंडारा-गोंदियाच्या मुलखात जागोजागी आहेत. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनी मध्यप्रांताच्या सरकारचे डोळे उघडले, तेव्हा सरकारी पाटबंधारे खात्यानेही मोठमोठे तलाव बांधावयास घेतले. चोरखमाऱ्याचा तलाव त्या पिढीतला, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीतला आहे. अरण्याचा दरवाजा मात्र अगदी अलीकडचा. नागझिरा अभयारण्य १९७० साली जाहीर झाले, आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प अस्तित्वात आला. व्यंकटेश माडगूळकरांच्या लेखणीमुळे हे अरण्य मराठी वाचकांच्या घरोघर पोहोचले होतेच. व्याघ्रप्रकल्प झाल्यावर ते पर्यटकांच्या वेळापत्रकातही पोहोचले.

धान, मोहफूल, तेंदूची पाने आणि तलावातली मासळी यांवर या मुलखाची उपजीविका शतकानुशतके चालत आली. यांपैकी धान सोडले तर बाकीच्या तिन्ही वस्तू उन्हाळ्यात हाती येतात. मोहाची फुले फाल्गुन-चैत्रात गळतात, तेंदूचा हंगाम वैशाखाच्या आसपास असतो, आणि तलावाचे पाणी खाली गेल्यावर ढीवर बांधवांची जाळी भरतात. उन्हाळा म्हणजे येथे रोख पैशाचा काळ. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सगळी हकीकत तिच्याभोवती फिरते.

प्रथम शंभर वर्षांपूर्वीच्या साथीकडे वळू. १९१८ सालच्या जून महिन्यात इन्फ्लुएंझा मुंबईच्या बंदरात उतरला. पहिला झपाटा सौम्य होता. सप्टेंबरात तो दुसऱ्यांदा आला तेव्हा मात्र त्याने आपले खरे रूप प्रकट केले. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. महाराष्ट्रात कोठे कोठे या साथीस ‘मानमोडी’ म्हणत, आणि तो शब्द रोगाच्या इंग्रजी नावाहून अधिक बोलका आहे. रेल्वेच्या रुळांवरून ती देशभर पसरली. मध्यप्रांत व वऱ्हाड हा मुलूख तिच्या तडाख्यात सर्वांत अधिक सापडलेल्या प्रांतांपैकी एक होता. तेथे थोड्या महिन्यांत हजार वस्तीमागे पन्नासांहून अधिक माणसे दगावली. साऱ्या हिंदुस्थानात किती मेले याविषयी विद्वानांचे एकमत नाही. सव्वा कोटीपासून दोन कोटींच्या जवळपासपर्यंत अंदाज केले गेले आहेत. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली, ही एकच गोष्ट त्या संहाराची कल्पना येण्यास पुरे आहे. शिरगणतीच्या इतिहासात असे दुसरे दशक नाही.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने संख्येपेक्षा वय महत्त्वाचे. सामान्य ज्वराच्या साथीत लहान मुले आणि म्हातारी माणसे आधी जातात. या साथीने उलट केले. वीस ते चाळीस वर्षांच्या धडधाकट स्त्रीपुरुषांवर तिची विशेष धाड पडली, आणि त्यांतही हिंदुस्थानात स्त्रिया अधिक गेल्या. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन बसला होता, महागाईने कळस गाठला होता, आणि मध्यप्रांतात साथीचा जोर नेमका त्या दिवसांत होता की ज्या दिवसांत हलके धान कापणीस येते आणि भारी धान पोटरीत असते. कापणारे हात अंथरुणावर आणि पीक शेतात, अशी अवस्था झाली. गावात कर्ता म्हणून जो काही वर्ग असतो, जो बैलजोडी घेतो, खाचर वाढवितो, बाजारात गाडी नेतो आणि थोडेफार कर्ज काढून काही नवे करू पाहतो, तोच वर्ग या साथीने पुसून काढला.

आता त्या कर्जाचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. १९०४ आणि १९१२ च्या कायद्यांनी सहकारी पतपेढ्या निघाल्या होत्या, आणि मध्यप्रांतात त्यांचा बराच बोलबाला होता. या ग्रामीण पेढ्या अमर्याद जबाबदारीच्या तत्त्वावर चालत. जर्मनीत रायफायझन नावाच्या गृहस्थाने घालून दिलेली ही पद्धत; तिचा अर्थ असा की, एका सभासदाने कर्ज फेडले नाही तर ते बाकीच्यांनी फेडावयाचे. शांततेच्या काळी ही योजना उत्तम. शेजारी शेजाऱ्याला ओळखतो, उधळ्या माणसास कोणी जामीन राहत नाही, आणि व्याजाचा दर सावकाराहून पुष्कळच कमी पडतो. परंतु या तत्त्वाच्या पोटात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, ती ही की, संकट एका वेळी एका घरावर येते. साथ सर्व घरांवर एकदम येते. दहांपैकी दोन कर्जदार मरण पावले, तिघांचे पीक गेले, तर उरलेल्या पाचांच्या मानेवर दहांचे ओझे बसते. आणि त्या पाचांतही जो नवा असतो, ज्याच्या गाठी मागची शिल्लक नसते, तो आधी वाकतो. साथीमागोमाग १९२०-२१ मध्ये पुन्हा पावसाने ओढ दिली, आणि मध्यप्रांतातील सहकारी चळवळ अशी काही अडचणीत आली की तिची चौकशी करण्याकरिता १९२२ साली सरकारास समिती नेमावी लागली. या अडचणीस अनेक कारणे झाली, आणि सर्व खापर साथीवर फोडणे अन्यायाचे होईल. पण सामायिक जामिनकीची ही मेख आम्हांस पुढे पुन्हा भेटणार आहे.

या काळोख्या चित्रास एक दुसरी बाजू आहे. ती विड्यांच्या धंद्याची. बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदिया हे गाव मोठे जंक्शन करून सोडले होते, आणि सातपुड्यातून जबलपुराकडे जाणारी अरुंद रुळांची वाट विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तेथून निघाली. १८९९ च्या दुष्काळाने गुजरातेतून परागंदा झालेली काही कुटुंबे रेल्वेच्या कामाकरिता इकडे आली, तेंदूचे पान त्यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यातून विडीचा धंदा उभा राहिला, असे या भागात परंपरेने सांगतात. म्हणजे हा उद्योगही एका आपत्तीचेच अपत्य. साथीनंतरच्या वर्षांत असहकारितेच्या चळवळीने विलायती सिगारेटवर बहिष्कार पुकारला आणि विडीस देशभर मागणी आली. पान जंगलातले, तंबाखू बाहेरची, आणि वळणारे हात घराघरांतले. कारखाना बांधण्याची गरज नाही, यंत्राची तर नाहीच. कारखानदाराकडून पान-तंबाखू उचलून गावात वाटावयाची आणि वळलेल्या विड्या गोळा करून परत न्यावयाच्या, एवढे काम करणारा सट्टेदार अल्पशा पुंजीवर उभा राहू शके. त्या धंद्यात मजुरांचे हाल किती झाले, विशेषतः वळणाऱ्या बायांस काय सोसावे लागले, हा निराळा आणि मोठा विषय आहे. त्याची उपेक्षा करावी असे आमचे म्हणणे नाही. येथे एवढेच सांगावयाचे की, १९१८ नंतर माणसे कमी झाली, म्हणून उरलेल्या हातांस मोल आले. नव्या माणसास शिरावयास बाजारात जागा होती, कारण त्या जागेवरचा जुना माणूस मेला होता. असे लिहिताना लेखणी अडखळते, पण इतिहासाचा निर्दयपणा झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

शंभर वर्षांनी दुसरी महासाथ आली. तिने हा सर्व क्रम उलटा केला, आणि आमच्या मते प्रस्तुत विषयाचे मर्म या उलथापालथीत आहे.

२०२० साली पूर्व विदर्भातल्या तरुणाच्या धंद्यावर पहिला घाला रोगाने घातलाच नाही, अफवेने घातला. फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा या बाजूस एकही रोगी नव्हता, कोंबडीच्या मांसाने कोरोना होतो अशी आवई समाजमाध्यमांतून उठली. तीस आधार कसलाच नव्हता. परंतु महाराष्ट्रभर कोंबड्यांचे भाव कोसळले. दाण्याचा खर्चही निघेना, आणि कित्येक ठिकाणी पक्षी फुकट वाटावे लागले किंवा पुरावे लागले. कोंबडीपालन हा गेल्या पंधरा-वीस वर्षांत खेड्यातल्या शिकलेल्या तरुणाचा आवडता पहिला धंदा आहे. जागा थोडी लागते, दीड महिन्यात माल तयार होतो, आणि बँकेस समजेल असा हिशेब मांडता येतो. ज्याचा माल त्या पंधरवड्यात तयार झाला तो बुडाला. त्याच्या कर्तबगारीचा यात काही एक संबंध नव्हता.

मग मार्चच्या मध्यास व्याघ्रप्रकल्पांचे दरवाजे पर्यटकांकरिता बंद झाले, आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. एप्रिलच्या आरंभी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील एका वाघिणीस या रोगाची बाधा झाल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा तर केंद्र सरकारने सर्व व्याघ्रप्रकल्पांस वाघ व माणूस यांचा संबंध टाळण्याची ताकीद दिली. अमेरिकेतील एका पिंजऱ्यातल्या वाघिणीच्या खोकल्याने चोरखमाऱ्याच्या दरवाजावरील कुलूप आणखी घट्ट व्हावे, ही घटना जगाच्या जवळिकीचे मोठे विलक्षण उदाहरण आहे.

या दरवाजावर कोणाचे पोट अवलंबून असते, ते शहरी वाचकांस थोडे समजावून सांगितले पाहिजे. अरण्यात जाणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर स्थानिक वाटाड्या घ्यावा लागतो. तो बहुधा आसपासच्या गावचा तरुण असतो. उघडी जिप्सी गाडी हाकणारा दुसरा तरुण, आणि पुष्कळदा ती गाडी त्याने कर्ज काढून, जुनी, कोणाकडून तरी विकत घेतलेली असते. चहा-नाश्त्याचे दुकान, दोन खोल्यांचे अतिथिगृह, भाजी-दूध पुरविणारा, असे आणखी काही संसार त्यास चिकटलेले. पावसाळ्यात अरण्य बंद असते. हिवाळ्यात गवत उंच, पाणी सर्वत्र, जनावर दिसण्याची खात्री नाही. खरा हंगाम एप्रिल, मे आणि जूनचा पूर्वार्ध. पाणवठे आटतात, वाघ पाण्यावर येतो, आणि नागपूर-रायपूरकडचे पर्यटक मुलांच्या सुट्टीत गर्दी करतात. या अडीच महिन्यांच्या कमाईवर वर्षाचे हप्ते बेतलेले असतात. पर्यटनाचा धंदा वाघाच्या मर्जीवर किती चालतो, हे या भागाने एकदा पाहिलेले आहेच. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ नावाचा वाघ २०१३ साली उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात निघून गेला आणि आपल्याबरोबर पर्यटकही घेऊन गेला. पण वाघ गेला तरी दरवाजा उघडा होता. २०२० मध्ये वाघ जागेवर होता आणि दरवाजा बंद होता.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. ३० एप्रिल २०२० च्या केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांपैकी अवघे ६ जिल्हे ‘हिरवे’ ठरले. त्यांत गोंदिया होता. म्हणजे रोग जवळजवळ नव्हता, पण धंदा बंद होता. कारण गिऱ्हाईक जेथून यावयाचे ते नागपूर लाल यादीत होते. आठवडी बाजार भरत नव्हते. विड्यांचे कारखाने थांबले होते. मोह वेचला गेला, पण व्यापारी गावात येईना. मुंबई-कोलकाता राजमार्गावर साकोली-देवरीकडून छत्तीसगडकडे पायी निघालेल्या मजुरांची रांग लागली होती, आणि गावातले जे तरुण पुण्या-हैदराबादेस कामाला होते तेही परतले. तेंदूपत्त्याच्या फळ्या पुढे सुरू झाल्या, रोजगार हमीची कामे निघाली, आणि ज्या तरुणांनी मजुरीतून सुटण्याकरिता धंदा काढला होता ते पान तोडावयास आणि माती खणावयास पुन्हा त्याच रांगेत उभे राहिले. त्यात हलकेपणा आहे असे मुळीच नाही. पण मालकीची पायरी एकदा चढून खाली उतरणे हे मुळात न चढण्यापेक्षा अधिक बोचते, कारण खाली उतरताना कर्ज बरोबर येते.

हे कर्जच आमच्या लेखाचा मध्यबिंदू असल्यामुळे सरकारने त्याबाबत काय केले ते नीट पाहू. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी तीन महिन्यांचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, आणि पुढे ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढविली. हप्ता थांबला, व्याज थांबले नाही. व्याजावरचे व्याज परत देण्याचा निर्णय होण्यास वर्षअखेर उजाडली, आणि त्याचा अंतिम निकाल मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लागला. मे २०२० मध्ये लहान-मध्यम उद्योगांकरिता ३ लाख कोटी रुपयांच्या विनातारण कर्जाची योजना जाहीर झाली. रक्कम प्रचंड, हेतू स्तुत्य. परंतु तिची मेख अशी की, २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्याच्या नावावर जेवढे कर्ज शिल्लक होते त्याच्या २० टक्के नवे कर्ज त्यास मिळावयाचे. म्हणजे ज्याचे जुने कर्ज १ कोटीचे त्यास २० लाख. ज्याचे ५० हजारांचे त्यास १० हजार. आणि ज्याने बापाची गाय विकून, मेहुण्याकडून उसने घेऊन, बचत गटातून बायकोच्या नावे पैसे उचलून दुकान मांडले, त्यास काहीच नाही, कारण बँकेच्या वहीत तो कधी कर्जदार नव्हताच. पथारीवाल्यांकरिता १० हजारांची योजना जून २०२० मध्ये निघाली. ती शहरांपुरती होती. मुद्रा योजनेतील सर्वांत लहान कर्जांस व्याजात २ टक्क्यांची सूट मिळाली. गाडी वर्षभर उभी असणारास ही सूट किती पुरणार?

सरकारने दुष्टपणाने असे केले, असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. जेथे वही आहे तेथेच मदत लवकर पोहोचते, हे कोणत्याही राज्यव्यवस्थेचे दुखणे आहे. तथापि या योजनांचे माप चुकले होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. मागचे कर्ज हे उद्योगाच्या वयाचे माप आहे, गरजेचे नव्हे. जुन्या व्यापाऱ्याजवळ पत असते. गोंदियाच्या भातगिरणीवाल्यास घाऊक व्यापारी चार महिने थांबून घेतो, कारण त्याच्या बापाशीही त्याचा व्यवहार होता. नव्या उदम्याजवळ पत नसते. ती कमाविण्याकरिताच त्याची पहिली तीन-चार वर्षे खर्ची पडतात. त्या तीन-चार वर्षांत साथ आली तर तो पहिले कर्ज आणि पहिली कमाई यांच्या मध्ये लोंबकळत सापडतो.

आणि येथे १९१८ ची ती सामायिक जामिनकी पुन्हा भेटते. आजची लघुवित्त संस्था पाच-दहा बायांचा गट करते, एकीने हप्ता चुकविला तर इतरजणींवर तो पडतो, आणि वसुली आठवड्यास किंवा पंधरवड्यास होते. नाव नवे, यंत्रणा रायफायझनचीच. २०२० मध्ये गटातल्या सगळ्याजणींची कमाई एकाच आठवड्यात थांबली. शंभर वर्षांत रेल्वे वाफेवरून विजेवर आली, पण गरिबाच्या पतीचा पाया अद्यापि त्याच समजुतीवर उभा आहे की संकट एका वेळी एका घराचेच दार ठोठावते.

हे दुःख केवळ आपले नव्हे. २०२० च्या मार्चमध्ये नेपाळने एव्हरेस्टच्या मोहिमांचे परवाने थांबविले, आणि ज्या महिन्यांत शेर्पा तरुण वर्षाची कमाई करतात ते महिने कोरडे गेले. केनियाने मार्चच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत परदेशी विमाने बंद ठेवली. मसाई माराच्या मैदानावरील वाटाड्यांची गत चोरखमाऱ्याच्या वाटाड्यांहून निराळी झाली नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने मे २०२० मध्ये सांगितले की, साथ सुरू झाल्यापासून जगातील दर सहा तरुणांपैकी एकाहून अधिकांचे काम सुटले होते. श्रीमंत देशांत असा तरुण सरकारी भत्त्यावर काही काळ तग धरू शकला. गरीब देशांत त्याचा भत्ता म्हणजे बापाची शेती. आपल्याकडे एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पन्न, प्रथम प्रसिद्ध झालेल्या आकड्यानुसार, २३.९ टक्क्यांनी घसरले. त्याच तिमाहीत शेती तेवढी ३.४ टक्क्यांनी वाढली. दीड-दोन एकराच्या धानखाचराने पोटाचा प्रश्न सोडविला यात शंका नाही. धंद्याचा हप्ता मात्र खाचरातून निघत नाही. आणि त्याच ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेस मोठा पूर येऊन भंडारा-गोंदियातील नदीकाठची खाचरे बुडाली, तेव्हा कित्येकांचा तोही आसरा सुटला.

दोन साथींची तुलना येथे पुरी होते. १९१८ मध्ये तरुण मेले आणि त्यांची जागा रिकामी राहिली. जगला त्याच्या श्रमास भाव आला. २०२० मध्ये तरुण जगले आणि त्यांचे भांडवल मेले. जागा भरलेलीच राहिली, हात वाढले, आणि श्रमाचा भाव उतरला. म्हणून मानमोडीनंतर जे नवे धंदे वाढले तसे कोरोनानंतर आपोआप वाढतील, असा जो आशावाद काही अर्थवेत्ते प्रकट करीत होते, तो आम्हांस कधीच पटला नाही. या विधानास २०२१ च्या एप्रिल-मेने एक दुरुस्ती जोडली, ती सांगणे अवश्य आहे. दुसऱ्या लाटेत चाळिशीच्या आतबाहेरचे कर्ते पुरुषही मोठ्या संख्येने गेले. पर्यटन पुन्हा बंद पडले, तेही पुन्हा ऐन हंगामात. मागे राहिलेल्या पत्नीस तोवर ठाऊक नसलेली उधारी आणि जामिनक्या एकामागून एक समजू लागल्या; आणि ज्या घरी धंदा नवऱ्याच्या तोंडच्या हिशेबावर चालत होता तेथे येणे बुडाले, देणे तेवढे राहिले.

२८ जून २०२१ रोजी केंद्र सरकारने पर्यटनाच्या धंद्याकरिता निराळी कर्जयोजना जाहीर केली. मान्यताप्राप्त वाटाड्यास १ लाख रुपयांपर्यंत, आणि प्रवासी कंपनीस १० लाखांपर्यंत. मान्यता केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची किंवा राज्य सरकारची पाहिजे होती. अरण्यातला वाटाड्या वनखात्याच्या वहीतला. या दोन दप्तरांची एकमेकांशी ओळख नसते.

पुढे दरवाजे उघडले. नागपूरचे पर्यटक परत आले, आणि कोंडून राहिलेल्या शहरांनी अरण्याकडे अशी धाव घेतली की हिवाळ्यातही गाड्या भरू लागल्या. ज्याने त्या दोन उन्हाळ्यांत गाडी कशीबशी राखून ठेवली होती त्याचे बरे झाले. ज्याने हप्त्याकरिता ती विकली त्यास दुसरी सहज मिळण्यासारखी नव्हती. कारण मारुती कंपनीने सामान्य गिऱ्हाइकांकरिता जिप्सी बनविणे २०१९ सालीच बंद केले होते, आणि जुनी गाडी जी काही बाजारात होती ती चढ्या किमतीस, रोख पैसे मोजणाराच्याच हाती जात होती.